प्रा. गाडगीळ आणि स्थळाचा इतिहास

एखाद्या विद्वानाच्या संशोधनाचा परिणाम काय झाला, हा प्रश्न हल्ली विद्यापीठांतून फार विचारला जातो आणि त्याचे उत्तरही फार झटपट दिले जाते. अमक्याच्या निबंधाचा उल्लेख दुसऱ्या किती निबंधांनी केला ह्याची गणती यंत्र करते, गणतीचा एक आकडा निघतो, आणि त्या आकड्यावर नेमणुका व बढत्या होतात. आम्हांस ह्या आकड्याचा द्वेष नाही. वाण्याने तागडी ठेवावी तशी विद्यापीठानेही ठेवावी. परंतु काही माल ह्या तागडीत मावत नाही, आणि मावत नाही म्हणून तो मालच नव्हे असे समजण्याची खोड मात्र वाढत चालली आहे. प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ ह्यांचे कार्य अशा मालापैकी होय. त्यांच्या संशोधनाचा परिणाम निबंधांच्या तळटीपांत शोधावयाचा, साखर कारखान्याच्या धुराड्यात शोधावयाचा, दिल्लीच्या तिजोरीत शोधावयाचा, की आमच्या देवळ्यासारख्या आडबाजूच्या पेठेत, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा हेतू आहे.

विषय आताच निघण्यास एक निमित्त आहे. युरोपात, विशेषतः हॉलंडात, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत 'उत्क्रांतीवादी आर्थिक भूगोल' ह्या नावाची एक शाखा वाढीस लागली आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन ह्या अमेरिकन पंडिताने १८९८ साली असा प्रश्न विचारला होता की, अर्थशास्त्र हे उत्क्रांतीचे शास्त्र का नाही? रॉन बोश्मा व कून फ्रेंकेन ह्या दोघा डच विद्वानांनी २००६ साली तोच प्रश्न आर्थिक भूगोलास घातला. दरम्यान १९८२ साली नेल्सन व विंटर ह्यांनी व्यवसायसंस्थांच्या अंगवळणी पडलेल्या रीती कशा टिकतात, कशा बदलतात व त्यांतून कोणत्या निवडल्या जातात ह्याविषयी एक मोठा ग्रंथ लिहिला होता. त्याचा आधार ह्या नव्या शाखेस मिळाला. ह्या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे की, कोणत्या गावी कोणता धंदा रुजतो हे केवळ आजच्या भावावरून, मजुरीवरून किंवा वाहतुकीच्या खर्चावरून ठरत नाही. गावास भूतकाळ असतो. काल केलेली निवड आजची वाट आखून देते. नवा धंदा आकाशातून पडत नाही. जवळच्या एखाद्या जुन्या धंद्याच्या खोडास तो फुटवा म्हणून येतो. कारण कसब हे पुस्तकात नसते, ते माणसांच्या हातांत आणि त्यांच्या शेजारात असते. माणूस गाव सोडून गेला की तेही त्याच्याबरोबर जाते.

नाशिक जिल्ह्यातल्या वाचकास हे सांगण्यासाठी हॉलंडहून कोणी येण्याची गरज नाही. येवल्याची पैठणी ही येवल्याच्या मातीत उगवलेली नव्हे. रघोजी नाइकांनी रेशमाचे विणकर आणून वसविले, अशी तेथील परंपरा सांगते. शेजारच्या मालेगावात १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडील मोमीन विणकर येऊन राहिले आणि आपले कसब बरोबर घेऊन आले. ज्या गावी हातमाग होता त्याच गावी पुढे यंत्रमाग आला, आणि आज मालेगाव म्हटले म्हणजे त्याचाच खडखडाट आठवतो. तेथे कापसाच्या शेताची किंवा बंदराची सोय अन्य गावांहून अधिक होती असे नव्हे. विणणारा माणूस तेथे होता, इतकेच. नाशकाजवळ १९९९ च्या सुमारास वाइनचा धंदा सुरू झाला तो खाण्याच्या द्राक्षांच्या बागा आधी होत्या म्हणून. ह्या गोष्टी येथील शाळकरी पोरासही ठाऊक असतात. त्यांस शास्त्राचे रूप देणे मात्र कोणास तरी आवश्यक होते, आणि आमचे म्हणणे असे की, त्या कामाचा एक मोठा हिस्सा गाडगीळांनी शंभर वर्षांपूर्वी उरकून ठेवला होता.

गाडगीळांचा जन्म १९०१ साली नाशकास झाला. शिक्षण प्रथम नागपुरास व पुढे केंब्रिजला. तेथे एम. लिट. पदवीसाठी लिहिलेला त्यांचा प्रबंध 'इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स' ह्या नावाने १९२४ साली ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. लेखकाचे वय तेव्हा अवघे तेवीस होते. त्या वयात आमच्या इकडचा हुशार विद्यार्थी फार तर एखाद्या जागेसाठी अर्ज लिहीत असतो! पुस्तकाची पाचवी आवृत्ती १९७१ साली निघाली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूच्याच वर्षी; सत्तेचाळीस वर्षे हे पुस्तक सतत वाचले गेले. नाव बारकाईने पाहावे. 'प्रगती' हा शब्द तेथे नाही, आणि 'ऱ्हास' हाही नाही. त्या काळी इंग्रज अधिकारी पहिला शब्द वापरीत व आमचे देशभक्त दुसरा. दोन्ही पक्षांचा वाद मुख्यतः ताळेबंदाचा होता: इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानास जमा किती व खर्च किती. ह्या तरुणाने ताळेबंद बाजूस ठेवला आणि निराळाच प्रश्न विचारला. जुनी घडी कोणत्या क्रमाने विसकटली, कोणती आधी व कोणती मागून, आणि विसकटलेल्या घडीतून नवे काय कोणत्या जागी बसले?

ह्या प्रश्नाचे जे उत्तर त्यांनी दिले त्यातला एक तुकडा तेवढा पाठ्यपुस्तकांनी उचलला. शहरी हस्तव्यवसाय बुडण्याची कारणे तीन: देशी दरबारांचा अस्त, परकी राज्याबरोबर आलेली नवी अभिरुची, आणि यंत्राने बनविलेल्या मालाची स्पर्धा. हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचा विद्यार्थी झोपेतही ही तीन कारणे सांगेल. परंतु त्यांचा क्रम हाच गाडगीळांचा खरा मुद्दा होता, आणि तो क्रम पाठ करणाराच्या ध्यानात येत नाही. कारागिरावर पहिला घाव मँचेस्टरच्या गिरणीने घातला नाही. गिऱ्हाईकच नाहीसे झाले तो पहिला घाव. दरबार गेला तेव्हा दरबारी शेला विणणाराचा हात तेवढाच कुशल होता, मागही तोच होता. पण ज्या गावी तो बसला होता त्या गावाचे प्रयोजन संपले होते. म्हणूनच त्यांनी जुन्या शहरांची वर्गवारी केली ती लोकसंख्येवरून केली नाही. तीर्थाची शहरे, राजधानीची शहरे आणि व्यापारी मार्गावरील नाक्याची शहरे असे तीन प्रकार त्यांनी केले. प्रत्येक प्रकारच्या शहराचे मरण निराळे असते हे त्यावरून दिसते. राज्य गेले की राजधानी ओस पडते, रस्ता वळला की नाक्याची पेठ बसते, तीर्थ मात्र सहसा मरत नाही. नाशिक टिकले आणि पूर्वीच्या कित्येक राजधान्या खेडी झाल्या ह्याचा उलगडा त्या एका वर्गवारीने होतो. गावातला कारागीर शहरी कारागिरापेक्षा अधिक काळ का तगला ह्याचेही त्यांचे उत्तर असेच आहे: त्याचे वेतन बाजारात ठरत नव्हते, बलुत्यात ठरत होते, म्हणून बाजाराचा पहिला लोंढा त्याच्या उंबऱ्याबाहेरून निघून गेला.

तेव्हा उत्क्रांतीचे तत्त्व, भूतकाळाचे ओझे आणि स्थळाचे वैशिष्ट्य ही तिन्ही ह्या पुस्तकात आहेत. तरी त्यात एक मोठी उणीव आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गाडगीळांच्या कथेत कारागीर हा मुख्यत्वे हरणाराच्या भूमिकेत येतो. त्याच्यावर घटना घडतात; तो स्वतः काही घडवीत नाही. इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीचा नकाशा केंब्रिजच्या विद्यार्थ्यापुढे टांगलेला होता आणि त्या नकाशात हातमागानंतर गिरणी येते, मध्ये काही येत नाही. आमच्याकडे मध्येच पुष्कळ आले. मालेगाव, भिवंडी, सोलापूर येथल्या विणकराने गिरणीचेच सूत घेतले, स्वस्त लुगड्याचे गिऱ्हाईक हेरले, जुना यंत्रमाग मिळेल तेथून विकत आणून घराच्या ओसरीत बसविला, आणि मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तरी तो चालूच राहिला. तीर्थंकर रॉय ह्यांनी १९९९ साली व डग्लस हेन्स ह्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ही बाजू विस्ताराने आली आहे. हेन्स ह्यांचा ग्रंथ तर पश्चिम हिंदुस्थानातल्या लहान गावांच्या भांडवलदारीवरच आहे. गाडगीळ चुकले असे ह्यावरून कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. ज्याने प्रश्न नीट मांडला त्याचे उत्तर पुढील पिढीने दुरुस्त करावे ह्यात त्याची हार नाही. तळटीप मोजणाऱ्या यंत्रास मात्र दुरुस्तीही स्तुतीइतकीच मोजावी लागते, ही गंमत आहे.

परंतु गाडगीळांचे सर्वांत मोलाचे काम ह्या पुस्तकानंतरचे आहे असे आमचे मत आहे, आणि नेमके तेच सर्वांत कमी वाचले जाते. रावबहादूर काळे ह्यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था काढली आणि तिचे संचालकत्व त्यांजकडे आले. येथून पुढे हा केंब्रिजचा पदवीधर ग्रंथालयातून उठून रस्त्यावर आला. विषयांची निवडच पाहा. पुण्याच्या मंडईत फळ कोठून येते, दलाल किती घेतो आणि बागाइतदाराच्या हाती काय पडते, ह्याची पाहणी १९३३ साली. मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बसच्या धंद्याची पाहणी १९३५ साली. वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची १९४० साली. पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ साली दोन भागांत, पुढे सोलापूरचीही. मोटार-बस हा संशोधनाचा विषय होऊ शकतो ही कल्पनाच त्या काळच्या विद्वानांस हास्यास्पद वाटली असती. देवळ्याच्या वाचकास मात्र तिचे मोल सांगावे लागणार नाही. आमच्या गावास आगगाडी नाही. विंचूर-प्रकाशा रस्त्यावर मोटार धावू लागली नसती तर ही पेठच राहिली नसती. १९९९ साली कळवणातून देवळा हा स्वतंत्र तालुका झाला, तो एका अर्थी त्या रस्त्याचाच मुलगा.

ह्या पाहण्यांत मुकुटमणी म्हणावा असा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झालेला, गोदावरी व प्रवरा कालव्यांवरील. गोदावरीचे कालवे आमच्याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या नांदूर-मधमेश्वराच्या बंधाऱ्यापासून निघून कोपरगावाकडे जातात. सरकारी हिशेब असा होता की, कालव्यास खर्च अमुक झाला, पाणीपट्टी अमुक आली, वजाबाकी करावी व कालवा फायद्याचा की तोट्याचा ते सांगावे. गाडगीळांनी वहीच बदलली. पाणी मिळालेली गावे व न मिळालेली गावे शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी दाखविले की, कालव्याचा फायदा शेताच्या बांधावर संपत नाही. तो मजुरीत झिरपतो, वाहतुकीत झिरपतो, पेठेतल्या उलाढालीत व सरकारच्या इतर उत्पन्नातही झिरपतो, आणि पाणीपट्टीच्या रकान्यात त्यातले काहीच दिसत नाही. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ हा भेद आज प्रत्येक सरकारी प्रकल्पाच्या कागदावर असतो. कागद भरणारास तो कोठून आला हे ठाऊक नसते. परिणाम ह्यालाच म्हणावयाचे नाही काय? इतका पूर्ण की कर्त्याचे नावसुद्धा उरू नये!

आता कारखान्याकडे येऊ, कारण सामान्य वाचकाच्या मनात गाडगीळांचे नाव आले की प्रवरानगरचे येते. विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या पुढाकाराने लोणीस उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाडगीळ हे पहिले अध्यक्ष. पहिला हंगाम १९५०-५१ चा. प्राध्यापकाने ताकाचे पुस्तक लिहावे आणि घुसळण दुसऱ्याने करावी हा आमचा रिवाज. त्यांनी तो मोडला ह्याबद्दल त्यांचा गौरव पुष्कळ झाला आहे व तो योग्यच आहे. आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते निराळ्याच गोष्टीकडे. प्रवरेचा कारखाना ओसाड माळावर उभा राहिला नाही. कालव्याचे पाणी तेथे आधीच एका पिढीचे जुने होते. सासवडच्या माळ्यांनी ह्या कालव्यांच्या पट्ट्यांत खंडाने जमिनी घेऊन ऊस कसा करावा हे रुळविले होते. गुळाचा व्यापार होता, आणि बेलापूरसारखे खासगी साखर कारखाने आसपास चालू असल्यामुळे गाळप म्हणजे काय हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले होते; आपल्या उसाचा भाव दुसरा ठरवितो हे दुःखही त्याने भोगले होते. सहकार हा ह्या सर्व खोडावर आलेला फुटवा होता. नव्या डच शाखेच्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रवरानगर हे तिच्या सिद्धांताचे शुद्ध उदाहरण आहे. आणि गाडगीळांस ते आधी ठाऊक होते, कारण त्या कालव्यांची गावे त्यांनी स्वतः मोजून काढली होती. पाहणी प्रथम, कारखाना मागून.

पुढे महाराष्ट्राने काय केले? कारखाना घेतला, पाहणी टाकली. तालुक्यास एक कारखाना, कारखान्यास एक पुढारी असा सांचा तयार झाला आणि तो जेथे-तेथे ओतण्यात आला. आमच्या जिल्ह्यात निफाड, नाशिक, गिरणा ह्या सहकारी कारखान्यांची धुराडी वर्षानुवर्षे थंड राहिली. देवळा तालुक्यातच विठेवाडीस वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखाना आहे. लोक त्यास 'वसाका' म्हणतात. कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा मिळून होणाऱ्या कसमादे पट्ट्याची मोठी आशा त्यावर होती. तोही अडचणीत आला आणि भाड्याने दुसऱ्याच्या हाती गेला. ह्याची कारणे पुष्कळ सांगितली जातात: कर्ज, कारभार, राजकारण. ती खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु मूळ प्रश्न कोणी विचारला होता काय? ऊस ह्या मुलखास परका नव्हता. मोसम व पांझरा नद्यांवरच्या फडांत बंधाऱ्याचे पाणी गावाने वाटून घेण्याची व त्यासाठी पाटकरी नेमण्याची पद्धत कित्येक पिढ्यांची जुनी आहे. सहकार म्हणजे काय हे ह्या भागास कायद्याने शिकवावे लागावे ही एक विनोदाचीच गोष्ट होती. पण फडाचा ऊस आणि कारखान्याचा ऊस ह्यांत अंतर आहे. फड पाण्याप्रमाणे पीक बदलतो. कारखान्याच्या चरकास दर हंगामी ठरलेला घास लागतो, पाऊस पडो वा न पडो. गोदावरीच्या कालव्यावर जे सहज होते ते गिरणेच्या वरच्या खोऱ्यात होईल की नाही, हा गाडगीळांच्या पद्धतीचा प्रश्न होता. त्यांच्या नावाने कारखाने काढणारांनी तो विचारला नाही. गुरूचा पुतळा करून पाठ विसरण्याचा हा प्रकार होय.

गुरूकडेही ह्यात काही दोष येतो, असे भीत भीत म्हणावेसे वाटते. १९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि १९६९ साली ज्यास लोक 'गाडगीळ सूत्र' म्हणतात ते ठरले. केंद्राने राज्यांस द्यावयाच्या योजना-साहाय्यातून आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर ह्यांच्यासाठी आधी काढून ठेवावे; उरलेल्यापैकी शेकडा ६० लोकसंख्येच्या प्रमाणात, १० सरासरीहून गरीब राज्यांस, १० करवसुलीच्या प्रयत्नावर, १० चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज योजनांवर, आणि १० विशेष अडचणींवर वाटावे. त्यापूर्वी हे वाटप ज्याचे वजन जास्त त्याच्या बाजूस झुकत असे. सूत्राने निदान सर्वांस एक माप लावले. ही थोडी गोष्ट नव्हे. १९८० साली त्यात फेरफार झाले, १९९१ साली त्यास प्रणव मुखर्जींचे नाव जोडले गेले, आणि नियोजन मंडळच विसर्जित होऊन २०१५ साली नीती आयोग आला तेव्हा त्याचे आयुष्य संपले. पण ज्या माणसाने गाव मोजावे कसे हे शिकविले त्याच्या सूत्रात शंभरातले साठ गुण केवळ डोक्यांच्या संख्येस मिळावे, आणि स्थळाचा सारा इतिहास 'विशेष अडचणी' ह्या दहा गुणांत कोंबावा लागावा, हे आम्हांस नेहमी खटकते. बचाव आम्हांस ठाऊक आहे. राज्याराज्यांच्या भांडणात ज्या आकड्यावर सर्वांचे एकमत होईल तोच आकडा चालतो, आणि जनगणनेचा आकडा तसा असतो. गाडगीळांसारख्या व्यवहारी पंडिताने हे ओळखले नसते तरच नवल. तथापि पुढील पिढीस त्यांचे हे सूत्रच तेवढे स्मरणात राहिले. परीक्षेत 'गाडगीळ' म्हटले की विद्यार्थी पाच टक्केवाऱ्या लिहितो आणि वाई तालुक्याचे नावही त्यास ठाऊक नसते.

त्यांच्या इतर सरकारी कामांविषयी लांबण लावीत नाही. ग्रामीण पतपाहणीच्या ज्या समितीने १९५४ साली अहवाल दिला तिचे ते एक सभासद होते. शेतकऱ्याच्या कर्जाच्या शंभर रुपयांतले जेमतेम तीन सहकारी संस्थांतून येतात हे त्या पाहणीने उघड केले व सहकाराच्या भाबड्या भक्तांची तोंडे काही काळ बंद केली. १९६९ सालच्या त्यांच्या अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा धरून काम करावे असे सुचविले; प्रत्येक जिल्ह्यास एक अग्रणी बँक असते ती तेव्हापासून. जिल्हा धरून! म्हणजे येथे पुन्हा स्थळ आले. दिल्लीत बसूनही मूळची दृष्टी सुटली नव्हती असे ह्यावरून दिसते, आणि म्हणून सूत्राबद्दलचा आमचा आक्षेप थोडा सौम्य होतो, मात्र मावळत नाही.

आता देवळ्याच्या पेठेविषयी, जिच्यासाठी ह्या साऱ्याचा खटाटोप. ह्या भागाचा आजचा धंदा कांदा हा आहे आणि तो कोणत्याही योजनेने वसविलेला नाही. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची; पण आमच्या तालुक्यात महामार्गावरच्या उमराण्यास जो बाजार भरतो, चाळीत उन्हाळ कांदा सहा-सहा महिने कसा राखावा ह्याचे जे ज्ञान घरोघर आहे, वारा कोणत्या अंगाने खेळला पाहिजे व कुजलेला कांदा वासावरून कोणत्या थरात आहे हे जे म्हाताऱ्यांस कळते, ते कोणत्या कागदावर आहे? एन-५३, एन-२-४-१ ही वाणे संशोधकांनी निवडली ती नाशिक जिल्ह्याच्याच गावठी कांद्यातून निवडली. असे हे हळूहळू साठलेले भांडवल. ८ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीने निर्यात बंद केली तेव्हा शहरातल्या भाजीच्या भावाचा विचार झाला. चाळीचा, दलालाचा, ट्रॅक्टरचा, परदेशी गिऱ्हाइकाने एकदा दुसरे दार धरले की ते परत येण्यास किती काळ लागतो ह्याचा विचार कोणत्या रकान्यात झाला? प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष परिणामांचा भेद १९४८ साली शिकविला गेला होता. कालव्याच्या लाभास तो लावावयाचा आणि बंदीच्या हानीस लावावयाचा नाही, असे तर त्यात कोठे म्हटलेले नव्हते.

हॉलंडमधली मंडळी आज युरोपच्या प्रांताप्रांतांचे असे हिशेब करीत आहेत: कोणत्या धंद्याशेजारी कोणता नवा धंदा फुटू शकेल, कोणते कसब कोणत्या कसबाचे चुलतभावंड आहे. त्यांची गणिती साधने आमच्यापाशी नाहीत असे नव्हे. संगणक आता प्रत्येक महाविद्यालयात आहेत. नाही ते मंडईत जाऊन दलालाची वही मागण्याचे धैर्य, आणि ती पाहण्यास लागणारा वेळ. आमच्या विद्यापीठांतून बोश्मांचे उतारे देऊन प्रबंध लिहिले जातात व त्यांत उदाहरणे नेदरलँड्सची व इटलीची असतात, हे पाहिले म्हणजे हसावे की रडावे ते समजत नाही. बोश्मांचा आम्ही आदर करतो. पण नाशकास जन्मलेल्या माणसाने मोजलेली कोपरगावची गावे वगळून आमच्या मुलांनी एमिलिया-रोमान्याच्या कारखान्यांपासून प्रारंभ करावा, हा संशोधनाच्या परिणामाचा कोणता प्रकार?

गेल्या वर्षी वर्गात आम्ही तीन कारणे पाठ करून घेण्याऐवजी एक साधे काम सांगितले. आपल्या घरच्या एका शेतात तीन पिढ्यांत काय काय पिकले, आणि प्रत्येक वेळी पीक का बदलले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांस विचारून लिहून आणावे. वह्या आल्या त्यांत पुष्कळशा कंटाळून लिहिलेल्या होत्या. काहींत मात्र बाजरी, मग ऊस, मग डाळिंब, मग तेल्या रोगाने बाग गेल्यावर कांदा, अशी साखळी व्यवस्थित उतरली आहे. एका मुलीने आजीचे बोलणे जसेच्या तसे घेतले आहे: विहीर उसासाठी खणली, तळे डाळिंबासाठी केले, आता दोन्हींचे पाणी कांदाच पितो. ठिबकाच्या नळ्याही डाळिंबाच्याच. औषध फवारण्याचा हातही तोच. शेजारी समासात तिने विहिरीची खोली परसांत लिहिली आहे आणि तळ्याची लिहिलेली नाही. ती विचारून आणण्यास आम्ही तिला परत पाठविले आहे.